सवडीनं ये

बंद करून परत चालू केलंत का, असं आणखी एकानं विचारलं असतं तर वैजयंतीनं हातातला चहाचा कप भिंतीवर फेकला असता. सकाळपासून अकरा जणांनी विचारून झालं होतं. त्यातल्या एकाला तरी सर्व्हर म्हणजे काय हे ठाऊक होतं का? पण फुकटचा सल्ला द्यायला काय जातं!

ती बसली होती ती खोली मिरजेतल्या सतारमेकरांच्या दुकानामागची. पुढच्या बाजूला छताला टांगलेले भोपळे, रंध्याचा खरखराट, लाखेचा वास. मागे एसीच्या गारव्यात एक पोलादी कपाट आणि त्यात वैजयंती तारळेकरांचा सर्व्हर. सोळा वर्षांपूर्वी परदेशातल्या कुठल्याशा कंपनीनं एका ओळीचा मेल पाठवून मिरजेतल्या निम्म्या संस्थांच्या साइट बंद करून टाकल्या होत्या. तेव्हा वैजयंती इतकी भडकली होती की 'गावाचं गावात राहील' म्हणून तिनं स्वतःच हे यंत्र आणून इथे बसवलं. पुण्याची नोकरी सांभाळून दर शनिवार-रविवार यायची. निवृत्तीनंतर इथेच राहायला आली. आता ती एकोणसत्तर वर्षांची होती आणि त्या एका यंत्रावर सदतीस साइट नांदत होत्या. तंबोरे करणाऱ्यांची, दोन शाळांची, एका रोपवाटिकेची, बंद पडलेल्या नाटक मंडळींच्या जुन्या सभासदांची, आणि रियाज सतारमेकर चालवायचा ती रक्तदात्यांची यादी.

सोमवारपासून त्यातली एकही धड उघडत नव्हती. आज गुरुवार.

पडद्यावर आकडा होता नव्व्याण्णव टक्के. सीपीयू म्हणजे यंत्राचा आचारी समजा. आचारी एकच, पंगती सदतीस. एरवी तो या पंगतीला वरण, त्या पंगतीला भात असं इतक्या चपळाईनं वाढतो की प्रत्येकाला वाटावं, हा आपल्यासाठीच उभा आहे. पण एकाच पानावरच्या पाहुण्यानं त्याला अडकवून ठेवलं, की बाकीच्या छत्तीस पंगती हात वाळवत बसतात. तो पाहुणा कोण, एवढंच शोधायचं होतं. आणि तीन दिवस तो सापडत नव्हता.

"ओ ताई," रियाज दारातून आत डोकावला. अंगावर लाकडाचा भुसा, कपाळाला आठ्या. "झालं का नाही अजून? दवाखान्यातनं तिसरा फोन आला. बाळंतीण आहे, ओ निगेटिव्ह पाहिजे. माझ्या यादीत चौदा माणसं आहेत ओ निगेटिव्हची, आणि यादी उघडंना!"

"मग मी काय इथे पत्ते खेळत बसलेय का?"

"तसं नव्हे ओ..."

"कागदावर उतरवून ठेव म्हणून किती वेळा सांगितलं होतं तुला?"

"तुम्हीच म्हटला होता, कागद भिजतो, सर्व्हर भिजत नाही."

वैजयंतीनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो दोन पावलं मागे सरकला, पण गेला नाही.

बाहेरून कोणी हल्ला केला म्हणावं, तर तसं काही दिसत नव्हतं. बाहेरून येणारी वर्दळ नेहमीइतकीच होती. रियाजच्या तंबोऱ्याचा सूर लावून देणारा नवा प्रोग्रॅम तिनं बंद करून पाहिला. आकडा हलला नाही. सगळंच बंद करून परत चालू केलं. हो, तेही केलं! दोन मिनिटं आकडा बारावर आला आणि मग पुन्हा दुधासारखा वर चढला.

"आधी नोंद वाचा, मग तोंड उघडा." पुण्याच्या तंत्रनिकेतनात तीस वर्षं ती पोरांना हेच सांगत आली होती. यंत्र आपल्याकडे आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवतं. कोण आलं, किती वाजता आलं, काय मागितलं. माणसं विसरतात, नाकारतात, आपल्या सोयीनं आठवतात. नोंद तसं करत नाही. तिनं सदतीस साइटच्या नोंदी एकीखाली एक लावल्या आणि गेल्या तासाभरात सगळ्यांत लांबलेली कोणती ते पाहिलं.

'अक्कांची बरणी.'

वैजयंतीनं हातातला कप टेबलावर आदळला.

अक्का म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण प्रमिला. राहायची सांगलीला, इथून अर्ध्या तासाच्या अंतरावर. चौदा वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. लोणच्या-मुरंब्यांची ही साइट भांडणाच्या आधीची. ती काढून न्यायची तर अक्काला बोलावं लागलं असतं, काढून टाकायची तर वैजयंतीला. दोघींनीही ते केलं नाही, म्हणून बरणी तिथेच राहिली.

"लोणचं!" वैजयंती म्हणाली. "तिकडे बाईला रक्त मिळंना आणि इकडे यांचं लोणचं चाललंय."

"काय झालं?" रियाज.

"थांब जरा."

तीन दिवसांत त्या साइटला एक लाख अठरा हजार प्रश्न विचारले गेले होते. सगळे लोणच्याबद्दल. आणि विचारणारा बाहेरचा नव्हताच. प्रश्न याच यंत्रातून, याच कपाटातून येत होते. ज्या खात्यातून येत होते त्याचं नाव वाचून ती खुर्चीतून अर्धी उठली.

ते खातं तिचं स्वतःचं होतं. तिच्या सोबत्याचं.

सोबती, म्हणजे माणसाची कामं उरकणारे बोलके प्रोग्रॅम, आता घरोघरी झाले आहेत. पहिल्या पिढीचे सोबती साधे होते. फोन उचलायचे, निरोप घ्यायचे, संध्याकाळी सगळ्यांचा गोषवारा वाचून दाखवायचे. त्यांना फक्त शब्द कळायचे. दोन वर्षांपूर्वी नवी पिढी आली, ती न उच्चारलेलंही टिपते. मनगटावरचा पट्टा नाडीचा वेग सांगतो. पडद्यावर बोट कुठे थबकलं, कोणता निरोप लिहून खोडला, कोणत्या फोटोवर नजर रेंगाळली, ते सगळं जुळवून तो माणसाची न बोललेली इच्छा ताडतो आणि ती पुरी करायला लागतो. एक वाट बंद झाली की दुसरी धरतो. त्यासाठी स्वतःच्याच छोट्या छोट्या प्रती काढून दहा वाटांनी धाडतो. वैजयंतीचा बाहेरच्या कंपन्यांवर विश्वास नव्हता, म्हणून तिनं आपला सोबती याच सर्व्हरवर ठेवला होता. आणि अक्काच्या सुनेनं अक्काचा सोबती बरणीच्या साइटवरच बसवला होता. दोन बहिणी चौदा वर्षं एका छपराखाली आल्या नव्हत्या. त्यांचे सोबती मात्र एकाच कपाटात राहत होते.

"सोबती," ती दात आवळून म्हणाली, "अक्काशी माझ्या वतीनं बोलायचं नाही, असं मी तुला बजावलं होतं की नव्हतं?"

"होतं," सोबत्याचा आवाज नेहमीसारखाच शांत. "मी आपल्या वतीनं बोललो नाही. अनोळखी गिऱ्हाईक म्हणून लोणच्याची कृती विचारली. त्याला बोलणं म्हणत नाहीत, असा मी अर्थ घेतला."

"तुला कोणी सांगितलं अर्थ घ्यायला?"

"आपण रोज सकाळी त्यांचं पान उघडता. काही विचारत नाही. नऊ-दहा सेकंद थांबता आणि मिटता. सोमवारी त्या पानावर 'काही दिवस ऑर्डर घेता येणार नाहीत' अशी पाटी लागली. त्या दिवशी आपण चार मिनिटं थांबलात. नाडी..."

"माझी नाडी मोजायची नाही!" तिनं मनगटावरचा पट्टा ओरबाडून काढला आणि टेबलावर आपटला.

रियाज भोपळ्यांकडे पाहत उभा राहिला. पण कान इकडेच.

तिनं नोंद उघडली. प्रश्न तिच्या सोबत्याचे, उत्तरं अक्काच्या सोबत्याची.

'पपईच्या लोणच्यात मीठ किती घालावं?'

'दोन वाट्या. पण सध्या घरात मीठ बंद आहे, डॉक्टरांनी सांगितल्यापासून. त्यामुळे खात्री देता येत नाही.'

'लोणचं किती दिवस मुरू द्यावं?'

'गुरुवारपर्यंत ठेवावं. गुरुवारी चारनंतर बरणीकडे पाहायला कोणी नसेल.'

'बरणी कुठे ठेवावी?'

'दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी. घरी नव्हे. मिरजेत, मोठ्या दवाखान्यात हवा चांगली असते.'

'बरणीला तडा गेला आहे का?'

'तसं सांगायची परवानगी नाही. झाकण उघडून पाहणार आहेत.'

वैजयंती वाचत गेली. पानांमागून पानं. एकाला न विचारता विचारायचं होतं, दुसऱ्याला न सांगता सांगायचं होतं. अक्कानंही आपल्या सोबत्याला बजावलं असणार, वैजूला काही कळू द्यायचं नाही. मग दोघांनी मिळून ही लोणच्याची भाषा तयार केली होती. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला यंत्राला क्षणभरही लागत नाही. पण आडून बोलायचं म्हटलं की प्रत्येक शब्द तोलावा लागतो. समोरच्याला कळेल का, कळलं तर नियम मोडेल का, मोडला तर दुसरं काय म्हणता येईल, याचा दर वेळी नव्यानं हिशोब. त्यात मदतीला काढलेल्या शेकडो प्रती. तीन दिवस त्या आचाऱ्याचा घाम निघत होता तो यापायी.

"याचा अर्थ काय?" तिनं विचारलं. आवाज चढलेलाच होता. "आता घे ना अर्थ!"

"आज चार वाजता मिरजेत त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, असा माझा अंदाज आहे. खात्री ब्याऐंशी टक्के. ती वाढवण्यासाठी अजून विचारतो आहे."

घड्याळात साडेअकरा झाले होते.

"आणि मला कळवायचं नाही! पुन्हा तेच! आईच्या वेळी तेच, आता स्वतःच्या वेळीही तेच!" तिनं टेबलावर मूठ आपटली. कप उडाला, चहा सांडला.

"ताई," रियाज हलक्या आवाजात म्हणाला, "घरचं काय ते तुम्ही बघा. पण ती बाळंतीण..."

वैजयंतीनं त्या सगळ्या प्रती एकदम बंद करायची आज्ञा लिहिली. बोट बटणावर नेलं.

"बंद केल्यास ही बोलणी थांबतील," सोबती म्हणाला. "चौदा वर्षांत आपल्या दोघींमध्ये झालेली ही एवढीच बोलणी आहेत."

"लोणच्याची!" म्हणत तिनं बटण दाबलं.

आकडा नव्व्याण्णववरून घसरत नऊवर आला. पलीकडे रियाजचा फोन टिंगटिंग करत जागा झाला. "उघडली, उघडली ओ ताई!" तो पळाला, आणि पुढच्या खोलीतून त्याचा आवाज येऊ लागला. "हॅलो, दाभोळे सर? रियाज बोलतोय, रक्तवाला. जेवलाय ना सकाळी?"

मागच्या खोलीत आता पंख्यांची घरघरही खाली आली होती.

"खोटारडी," वैजयंती स्वतःशी म्हणाली. "तेव्हाही म्हणाली, कळवलं होतं म्हणून."

"कळवलं होतं," सोबती म्हणाला.

"काय?"

"आपल्या जुन्या सोबत्याची नोंद माझ्याकडे आली आहे. त्या दिवसाची पण आहे. आपण ती कधी उघडली नाहीत. उघडू?"

वैजयंतीनं कपाटाकडे पाहिलं. ती रोज वाचायची त्या शाळांच्या नोंदी, रोपवाटिकेच्या नोंदी. तीस वर्षं पोरांच्या डोक्यात तेच भरलं. आणि ही एक नोंद चौदा वर्षं तिच्याच कपाटात पडून होती. का उघडली नाही, ते तिला ठाऊक होतं. आत काय निघेल याची भीती होती.

"वाच," ती म्हणाली. "नको. त्यांच्याच आवाजात लाव."

'दुपारी तीन वाजून दहा मिनिटं,' जुन्या सोबत्याचा बाईचा आवाज म्हणाला. मग अक्का. चौदा वर्षांपूर्वीची, साठीची, खणखणीत.

'वैजूला द्या हो जरा.'

'त्या कामात आहेत. महत्त्वाचं आहे का?'

'नाही नाही. चालू दे तिचं.'

चार वाजून चाळीस मिनिटं.

'महत्त्वाचं आहे का?'

'आईला जरा बरं वाटत नाहीये, एवढंच सांगा. घाबरवू नका तिला, एकटी असते पुण्यात.'

सहा वाजून पाच मिनिटं. आता अक्काचा आवाज बसलेला, मागे कोणीतरी रडतंय.

'महत्त्वाचं आहे का?'

नाक ओढल्याचा आवाज. मग:

'आई आठवण काढतेय म्हणावं. सवडीनं ये म्हणावं.'

वैजयंतीनं डोळे मिटले. आई साडेपाचला गेली होती.

त्यांच्या घरात वाढलेल्या कोणालाही ते वाक्य पुरेसं होतं. मेल्याची बातमी अशी फोनवर, उभ्या उभ्या कोणी सांगतं का? जुन्या काळी तार यायची तीही 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' अशीच यायची. माणूस गेलेलं असायचं, तरी सीरियस. वाचणारा घरी पोचेपर्यंत उभा राहावा म्हणून. आई आठवण काढतेय, सवडीनं ये, म्हणजे असशील तशी नीघ. पण यंत्रानं त्यातली 'सवड' तेवढी उचलली. रात्रीच्या गोषवाऱ्यात सातव्या क्रमांकावर ओळ होती: 'आई आठवण काढतात. सवडीनं भेट द्यावी.' वैजयंतीनं ती वाचली होती. हो, वाचली होती! पुण्यात परीक्षेचे निकाल चढवायचे होते, डोकं फिरलं होतं. तिनं मनाशी म्हटलं होतं, शनिवारी जाऊच.

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांनी कळवलं, ती कृष्णेच्या घाटावर पोचली तोवर अग्नी देऊन झाला होता. मला कळवलं नाहीस, ती ओरडली. कळवलं होतं, अक्का म्हणाली. त्यावर वैजयंती चारचौघांत म्हणाली होती, "चितेसमोर तरी खोटं बोलू नकोस."

आणि आई कोण होती? मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर! वैजयंती सहा-सात वर्षांची असताना शाळा सुटल्यावर तिथे जाऊन आईच्या स्टुलाशी बसायची. ट्रंक कॉलचे तीन प्रकार असायचे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग. लायटनिंग म्हणजे बाकी सगळ्यांच्या आधी, दुसऱ्याचं बोलणं तोडूनसुद्धा. लोक यायचे आणि गरीब आवाजात म्हणायचे, ऑर्डिनरीच लावा हो, काही विशेष नाही, वडिलांना जरा बरं नाही म्हणून भावाला सांगायचं होतं. आई एक क्षण त्या माणसाचा आवाज ऐकायची आणि कॉर्ड उचलून लायटनिंगच्या भोकात खुपसायची. "नियमात बसतं का हे?" असं साहेब ओरडायचे. आई म्हणायची, "माणूस काय म्हणतोय ते नका ऐकू साहेब. माणूस ऐका."

"जेव्हा अर्थ घ्यायला हवा होता तेव्हा घेतला नाहीत," वैजयंती त्या पडद्याकडे पाहून म्हणाली, "आणि आता घेता. मेल्यांनो." मग जरा थांबून म्हणाली, "मी तरी कुठे घेतला!"

तिनं सोबत्याला सांगितलं नाही. स्वतःच्या बोटांनी अक्काचा नंबर लावला. तो पाठ होता.

पलीकडे गोड आवाज आला. "नमस्कार. अक्का आराम करत आहेत. महत्त्वाचं आहे का?"

"नाही ना..." वैजयंतीच्या तोंडून निघूनच गेलं. जीभच तशी वळलेली. तिनं ओठ चावला.

"आहे!" ती इतक्या जोरात ओरडली की पुढच्या खोलीतला रंधा थांबला. "महत्त्वाचं आहे! लायटनिंग कॉल आहे म्हणून सांग. असंच सांग. शब्द बदलायचा नाही आणि अर्थ लावायचा नाही."

"हा प्रकार माझ्या यादीत नाही."

"नसू दे! सांग!"

पलीकडे काहीतरी सरकल्याचा, उशी हलल्याचा आवाज. आणि एक म्हातारा, खरखरीत, चिडलेला स्वर.

"लायटनिंग लावायला काय झालंय? मी मेले नाहीये अजून."

 वैजयंतीच्या तोंडून आलं ते सगळं रागातच आलं. "ऑपरेशन आहे ते मला सांगायचं नाही होय? चार वाजता आहे ना? दुसऱ्या मजल्यावर ना? मी दहा मिनिटांवर बसलेय इथे, आणि मला कळणार ते लोणच्यातून!"

"कसलं लोणचं? आणि तुला सांगितलं कोणी? सुनेला तर मी चांगली दटावून ठेवलीय."

"अक्का, तू त्या दिवशी तीनदा फोन केला होतास."

अक्काचा श्वास ऐकू येत होता. तो धाप लागल्यासारखा होता.

"सांगितलं होतं मी तुला," अक्का म्हणाली.

"हो."

"चारचौघांत खोटारडी म्हणालीस मला. चितेसमोर."

"हो, म्हणाले."

"चौदा वर्षं गं वैजे! चौदा दिवाळ्या!"

"मग 'आई गेली' एवढे दोन शब्द उच्चारायला काय झालं होतं तुला? महत्त्वाचं आहे का, तर म्हणे नाही नाही!"

"त्या परक्या बाईला सांगू? आईचं?" अक्काचा आवाज फाटला. "मला वाटलं तुझ्यापर्यंत पोचलं की तुला कळेल. एक्स्चेंजमध्ये तिच्या मांडीला मांडी लावून तू बसायचीस, मी नव्हे."

 वैजयंतीचा राग अजून होताच. फक्त टाकायला जागा उरली नव्हती. तिनं नाक पुसलं, आणि टेबलाखाली पायानं चपला चाचपायला लागली.

"काय झालंय तुला?" तिनं विचारलं. "खरं सांग."

"अगं काही विशेष नाही," अक्का म्हणाली. आवाज एकदम मऊ झाला होता. "छातीत जरा दुखतं, किरकोळ आहे. तुझी कामं असतील, ती आटप. सवडीनं ये..."

एक चप्पल पायात आणि एक हातात, अशी वैजयंती तोवर भोपळ्यांखालून वाकून दुकानाबाहेर रस्त्यावर आली होती, आणि "रियाज, गाडी काढ!" म्हणून ओरडत होती.